एकट्या माणसाचं स्वयंपाकघर: जानेवारी ते मे, हिशेबासह

पुण्यात सहा वर्षं राहून मी एकदाही घरात गॅस पेटवला नव्हता. शिक्षण संपलं, नोकरी लागली, तीन खोल्या बदलल्या, पण जेवण कायम मेसचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा माझ्या नावावर सिलिंडर आला. त्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन महिने मी खाण्याचा रोजचा खर्च वहीत मांडला. ‘घरी केलेलं स्वस्त पडतं आणि सोपंही असतं’ असं सगळेच म्हणतात. एकट्या राहणाऱ्या, सकाळी साडेआठला बाहेर पडणाऱ्या माणसाला ते कितपत लागू होतं, हे मला बघायचं होतं. मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो, त्यामुळे वही ठेवणं अंगवळणी पडलेलं आहे. ज्यांना हे करायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी जे जसं घडलं तसं लिहितोय.

सुरुवात भीतीतून झाली. माझी खोली धायरीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ही नावं रोज बातम्यांत यायला लागली. जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढत होते. आधी जुलाब-उलट्या, मग पायांतली ताकद जाते, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असं वाचत होतो. संशय दूषित पाण्यावर होता. पाणी उकळून प्या, ताजं आणि पूर्ण शिजलेलं खा, उघड्यावरचं टाळा, असं महापालिका सांगत होती. आमच्या मागच्या बिल्डिंगमधला एक मुलगा दवाखान्यात होता. त्या दिवसांत रात्री पायाला साध्या मुंग्या आल्या तरी मी उठून खोलीत चार फेऱ्या मारून बघायचो.

आईचा बार्शीहून दिवसातून दोनदा फोन. “काय खाल्लास? कुठं खाल्लास?”

“मेसमध्येच, आई. अजून कुठं?”

“बाहेरचं खाऊ नको रं बाळा आता.”

“मग काय खाऊ?”

“कर की घरी. खिचडी टाकायला काय लागतंय?”

खिचडी टाकायला काय काय लागतं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मेसवाल्या काकांनी त्याच आठवड्यात मेस आठ दिवस बंद ठेवली, टाकी धुऊन घेतली, पाण्याची व्यवस्था बदलली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, सहा वर्षं त्या माणसाने पोटाला घातलंय. पण त्या आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की मेस बंद झाली तर माझ्याकडे इलेक्ट्रिक किटली आणि बिस्किटं सोडून काही नाही. २६ जानेवारीला, रविवारी, ठरवलं की गॅस घ्यायचा.

ठरवल्यावर पहिलं काम केलं ते डिसेंबरचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास काढून बसलो. रात्रीची मेस महिन्याची १,९०० रुपये. सकाळचा चहा-नाश्ता टपरीवर, सरासरी ४५ रुपये, २६ दिवसांचे १,१७०. दुपारी ऑफिसजवळ ९० रुपयांची थाळी, २४ दिवसांचे २,१६०. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, ते जेवण आणि मोबाइलवरून मागवलेलं मिळून १,९४०. एकूण ७,१७०. मला विचारलं असतं तर मी पाच हजार सांगितले असते. मेसचा आकडा लक्षात राहतो, बाकीचे तीन राहत नाहीत. घरी स्वयंपाक सुरू करायचा विचार असेल तर आधी एवढं एक काम करा. स्वतःचा जुना आकडा हातात नसेल तर पुढे किती पैसे वाचले ते कधीच कळणार नाही.

२७ जानेवारीला ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून गॅस एजन्सीत गेलो. आधार कार्ड, दोन फोटो, बँकेचं पासबुक, भाडेकरार, सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं. काउंटरवरच्या ताईंनी फाइल चाळली आणि दोन मिनिटांत परत दिली. आधारवर पत्ता बार्शीचा. भाडेकरार होता, पण स्टँप पेपरवर नोटरी केलेला. “हा चालत नाही, रजिस्टर्ड आणा.” मला हे माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या अनेकांना नसणार. घरमालक आणि भाडेकरू दोघांच्या सोयीसाठी नोटरीवर काम भागवलं जातं, पण पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो तो नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्स.

मालकांना फोन केला. ते सज्जन आहेत, फक्त या कामाचा त्यांना कंटाळा. मी म्हटलं, “काका, खर्च निम्मा-निम्मा करू, आणि एजंट घरी येऊन अंगठे घेतो, तुम्हाला कुठं जावं लागणार नाही.” तेव्हा तयार झाले. ३० जानेवारीला एजंट अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन आला. मालक, मी आणि दोन ओळख देणारे, सगळं वीस मिनिटांत झालं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर थोडं मुद्रांक शुल्क आणि एजंटची फी. एकूण २,१०० झाले, माझ्या वाट्याला १,०५०. ३ फेब्रुवारीला नोंदणी झालेल्या कराराची पीडीएफ आली. हाच कागद पुढे मला बँकेत पत्ता बदलायलाही उपयोगी पडला.

४ फेब्रुवारीला पुन्हा एजन्सीत. या वेळी कागद चालले, आधारचं ई-केवायसी म्हणून बोट ठेवून घेतलं. मग शेगडीचा विषय निघाला. “शेगडी इथूनच घ्यावी लागेल,” असं सांगितलं गेलं. दोन बर्नरची, ३,४०० रुपयांची. शेगडी कुठून घ्यायची हे ग्राहकाने ठरवायचं असतं, ती आयएसआय शिक्क्याची असली की झालं, हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. घरगुती गॅस शेगडीचं मानक आयएस ४२४६ आहे, तो आकडा शेगडीवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. मी आवाज न चढवता म्हटलं, “ताई, मी बाहेरून शिक्क्याची शेगडी घेतोय, तुम्ही तपासून घ्या, तपासणीची फी देतो.” त्या म्हणाल्या, साहेबांना विचारून सांगते. साहेब दोन दिवस नव्हते. तिसऱ्या दिवशी फोन केला, चौथ्या दिवशी पुन्हा गेलो. शेवटी होकार मिळाला. वडगावच्या भांड्यांच्या दुकानातून तशीच शेगडी १,९५० ला मिळाली. या चार दिवसांत मला अनेकदा वाटलं की द्यावेत साडेतीन हजार आणि सुटावं. ज्याला रोज सुट्टी टाकणं परवडत नाही, तो ते देऊन मोकळा होतो, आणि म्हणूनच हे चालू राहतं. शक्य असेल तर देऊ नका.

१२ फेब्रुवारीला ग्राहक क्रमांकाचा मेसेज आला. पावतीचा हिशेब असा: सिलिंडरची अनामत २,२००, रेग्युलेटरची २५०, पुस्तक, पाइप आणि जोडणी मिळून ३३३, आणि पहिला भरलेला सिलिंडर ८०६. एकूण ३,५८९. यातले २,४५० कनेक्शन परत केल्यावर मिळतात, त्यामुळे ती मूळ पावती मी भाडेकराराच्याच फाइलमध्ये ठेवली आहे. हरवू नका.

ज्यांना इतकं थांबायचं नाही, त्यांच्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर असतो. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ त्यातलाच. तो फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडतो, पण सहा महिन्यांत खोली बदलणार असाल तर तोच बरा. मला धायरीत निदान दोन वर्षं राहायचं होतं म्हणून मी मोठ्याच्या मागे लागलो.

थांबण्याच्या त्या तीन आठवड्यांत ऑफिसमधल्या एका मित्राने त्याची जुनी इंडक्शन शेगडी दिली. पहिल्याच रात्री ती साध्या, छोट्या प्लगमध्ये लावली आणि दहा मिनिटांत प्लग हाताला चटका देण्याइतका तापला. दोन हजार वॉटची वस्तू सहा अँपिअरच्या प्लगवर चालवायची नसते, तिला गिझरचा असतो तसा सोळा अँपिअरचा जाड प्लग लागतो. माझ्या खोलीत तो फक्त बाथरूमच्या दाराजवळ आहे. मग तिथेच, स्टुलावर शेगडी ठेवून, उभ्याने खिचडी केली. आमच्याकडे मालकांचं सबमीटर आहे, युनिटला १२ रुपये. रोजचं पाच लिटर पाणी उकळणं आणि एक वेळची खिचडी, यात वीज चांगलीच खर्च व्हायची. पण पहिल्या रात्रीची ती खिचडी, मिठाला कमी आणि खाली थोडी लागलेली, मी पातेलं पुसून खाल्ली. त्या दिवसांत पाण्याचा प्रत्येक घोट घेताना भीती वाटायची, आणि हे पाणी मी स्वतः खळखळ उकळलेलं आहे, हे डोळ्यांनी बघितलेलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी सव्वासातला सिलिंडर आला. २७ जानेवारीपासून मोजलं तर एकविसावा दिवस. आणणाऱ्या दादांना मी वजन करून दाखवायला सांगितलं. आधी ते जरा थबकले, मग गाडीतून काटा आणला. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच कोरलेलं असतं, माझ्या टाकीवर १५.६ किलो होतं. त्यात गॅसचे १४.२ मिळवायचे, म्हणजे २९.८ भरायला हवं. काटा बरोबर तिथं थांबला. टाकीच्या वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, आणि आकडा वर्षाचा. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही. दादांनी सील काढलं, आतली वॉशर दाखवली, रेग्युलेटर बसवला, आणि मी वाटीत साबणाचं पाणी करून जोडावर सोडलं. बुडबुडा आला नाही. दादा म्हणाले, “असं कुणी बघत नाही साहेब, पण बघावं.” गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो, तो मी शेगडीच्या मागच्या फरशीवर मार्करने लिहून ठेवलाय.

मग चहा केला. सहा वर्षांत पहिल्यांदा पुण्यात स्वतःच्या गॅसवर केलेला चहा. आईला व्हिडिओ कॉलवर निळी ज्योत दाखवली. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, मग म्हणाली, “गॅस बारीक कर, दूध उतू जाईल.”

भांड्यांवर २,९३० गेले. तीन लिटरचा कुकर १,२९०, आणि तवा, कढई, पोळपाट-लाटणं, सुरी, चाळण, दोन पातेली, डाव-पळी मिळून १,६४०. डबे आणि खलबत्ता बार्शीहून आणला. मिक्सर घेतला नाही, अजूनही नाही. शेंगदाण्याचं कूट आणि लसणाचं वाटण खलबत्त्यात पाच मिनिटांत होतं. एका माणसासाठी तीन लिटरच्या वरचा कुकर घेऊ नका. मोठ्या कुकरमध्ये अर्धी वाटी डाळ शिजवताना पाणी आणि गॅस दोन्ही वाया जातं.

आणि मग सुरू झाला तो काळ, ज्यात हा सगळा खटाटोप मोडीत निघेल असं वाटत होतं. पहिल्या रविवारी, २३ फेब्रुवारीला, हौसेने मार्केट यार्डात गेलो. स्वस्त दिसलं म्हणून तीन किलो टोमॅटो, मेथीच्या चार जुड्या, दोन फ्लॉवर, तीन जुड्या कोथिंबीर. सगळं २१० रुपयांत. माझ्याकडे फ्रीज नाही. शुक्रवारपर्यंत मेथी पिवळी पडली, कोथिंबीर काळी, टोमॅटो पिचले. टाकून दिलेलं मोजलं तर ९५ रुपयांचं होतं, शिवाय जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं. घाऊक भाव कुटुंबासाठी असतो. एकट्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून पाव किलोच्या हिशेबाने, आठवड्यातून दोनदा घ्यावं. किलोमागे पाच-दहा रुपये जास्त जातात, पण फेकलं जात नाही. मार्चपासून मी बुधवार-शनिवार असं ठरवलं. पालेभाजी त्याच दिवशी करायची, दुसऱ्या दिवसासाठी दोडका, गवार, वांगी, तिसऱ्या दिवशी कडधान्य किंवा बटाटा. मेथी-कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली तर दोन दिवस चांगली राहते. दूध अर्धा लिटर, सकाळी उकळायचं, चहापुरतं वापरून उरलेलं विरजायचं. हे सगळं वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. काय आणि किती टाकायचं तेही त्यांनीच वाटीने मोजून शिकवलं: दोन वेळच्या भाताला एक वाटी तांदूळ, आमटीला पाऊण मूठ डाळ.

भाकरीने मात्र मला रडवलं. आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण होत नाही, आणि मला वाटलं होतं की लहानपणापासून बघतोय तर येईल. पहिल्या दिवशी थापताना भाकरी कडेने फाटत होती, उचलताना मधून तुटत होती. चार भाकऱ्यांचं पीठ पुन्हा पुन्हा मळून शेवटी त्याचे जाड तुकडे भाजून खाल्ले. आईला फोन लावून मोबाइल डब्याला टेकवून ठेवला.

“काय करायलास रं? पीठ कधीचं हाय?”

“किराणा दुकानातलं तयार पाकीट आहे.”

“त्याला विरी नसती. थापंल कशी?”

विरी म्हणजे ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा. पीठ जुनं झालं की ती जाते आणि मग हाताखाली पीठ सुटत जातं. आईने सांगितलं तसं पाणी चांगलं कडक करून पिठात ओतलं, उलथण्याने कालवलं, हाताला सोसवेल इतकं झाल्यावर तळव्याच्या टाचेने रगडून मळलं. मग भाकरी थापली गेली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, कडा सुटल्यावर उलटली, आणि शेवटी आचेवर धरली तेव्हा एका बाजूने अर्धीच फुगली. ती तारीख वहीत आहे, ९ मार्च. नंतर मालदांडी ज्वारी आणून गिरणीतून दळून घ्यायला लागलो, दळणाचे किलोला आठ रुपये. तेव्हापासून भाकरी कधी तुटली नाही.

आता वेळेचं. स्वयंपाक महाग की स्वस्त यावर सगळे बोलतात, वेळ कुणी मांडत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी मोबाइलवर घड्याळ लावून मिनिटं लिहिली. निवडणं, करणं, भांडी घासणं, ओटा पुसणं, भाजी-किराणा आणणं, सगळं धरून आठवड्याला १३ तास २० मिनिटं. मेसच्या दिवसांतही वेळ जात होताच. चालत जाणं, पाळी येण्याची वाट बघणं, दुपारी थाळीसाठी रांग, असे साधारण साडेपाच तास. म्हणजे जवळजवळ आठ तास जास्तीचे. मे महिन्यात पुन्हा मोजलं तेव्हा एकूण साडेआठ तासांवर आलं होतं. हात बसला, हे एक कारण. दुसरं असं की रात्री झोपण्यापूर्वी उद्या काय करायचं ते ठरवून कडधान्य भिजत घालायला लागलो. थकवा शिजवण्यापेक्षा ‘आता काय करू’ या विचाराचाच जास्त येतो. संध्याकाळी साडेसातला दमून दार उघडल्यावर तो प्रश्न समोर असेल तर हात आपोआप मोबाइलकडे जातो.

तसं माझं झालंही. मार्चचा शेवटचा आठवडा अकाउंट्सवाल्यांसाठी कसा असतो हे सांगायला नको. गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता, तोही ऑफिसात गेला. रात्री साडेदहाला घरी येऊन कुकर लावायची ताकद नव्हती. एका रात्री पनीर मसाला आणि तीन रोट्या मागवल्या. पदार्थांचे २८५, पॅकिंगचे २०, डिलिव्हरी ३२, प्लॅटफॉर्म फी १०, जीएसटी १५. एकूण ३६२ रुपये, एका जेवणाचे. तसं दोनदा केलं आणि दुसऱ्या रात्री वहीत आकडा लिहिताना फार वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यासाठी त्यातूनच दोन गोष्टी ठरल्या. एक, अगदी दमलो असलो तरी पंधरा मिनिटांत होणारं पिठलं आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत होणारी मुगाची खिचडी, यांचं सामान घरातून संपू द्यायचं नाही. दुसरी, आठवड्यातून एक-दोन रात्री मेसमध्ये जायचं, ठरवून. काकांकडे दहा कुपनांचं कार्ड ७५० ला मिळतं. मी कार्ड मागितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “आलास का परत?” आणि ताटात आमटी जास्तीची वाढली.

मार्चचा हिशेब असा झाला: किराणा १,६४०, भाजी-फळं ९८०, दूध ८७०, धान्य आणि दळण ४२०, गॅस ३००, बाहेरचं खाणं ७६०. एकूण ४,९७०. किराण्यात आईने पाठवलेला काळा मसाला आणि शेंगाचटणी मी दुकानाच्या भावाने धरली आहे. तिचे कष्ट फुकट धरले तर हिशेब खोटा होईल. डिसेंबरच्या मानाने २,२०० वाचले. एप्रिलमध्ये ४,६४०, म्हणजे २,५३० वाचले. मे महिन्यात आंबे आले, आई आली, ५,३८० लागले, वाचले १,७९०. तीन महिन्यांचे मिळून ६,५२०.

पण सुरुवातीला घातलेले पैसेही याच वहीत आहेत. अनामत आणि गॅस सोडून शेगडी, भांडी, करार, जोडणी मिळून ६,२६३. म्हणजे मे संपताना मी जेमतेम बरोबरीला आलो. पहिल्या तीन महिन्यांत हातात एक रुपया शिल्लक दिसणार नाही, हे धरूनच चाला. नाहीतर दुसऱ्या महिन्यात ‘यात काही वाचत नाही’ म्हणून सोडून द्याल. आणि वर्षाच्या आत पुणं सोडायचं असेल, तर हे सगळं करण्याआधी दोनदा विचार करा.

आणखी एक गोष्ट मला या वहीतून कळली, ती आधी कुणी सांगितली नव्हती. रात्रीच्या मेसचं एक जेवण मला ७३ रुपयांना पडत होतं. घरचा माझा दिवसाचा खर्च १३६ च्या आसपास येतो, त्यात नाश्ता, दोन जेवणं, दूध, फळं सगळं. मेसच्या त्या एका जेवणाशी तुलना केली तर घरचं फार स्वस्त नाही. ऐंशी माणसांची आमटी एका पातेल्यात करणाऱ्याशी अर्ध्या वाटी डाळीची बरोबरी होत नाही. माझे पैसे वाचले ते टपरीवरच्या नाश्त्यात, दुपारच्या थाळीत आणि मोबाइलवरच्या ऑर्डरीत. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, दोन वेळची चांगली मेस असेल आणि तुम्ही खरोखर तेवढंच खात असाल, तर फक्त पैशासाठी हे करू नका. स्वयंपाकाला मावशी ठेवायचंही विचारून पाहिलं होतं, दोन वेळचे २,८०० सांगितले. त्यांच्या कष्टाला ते जास्त नाहीत, पण माझ्या खर्चात ते बसत नव्हते.

पैशाव्यतिरिक्त जे मिळालं ते वहीत मांडता येत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या महिन्याला दोन पट्ट्या लागायच्या, मार्चपासून एकही आणलेली नाही. दुपारी डबा उघडल्यावर आत काय आहे, ते कोणत्या तेलातलं आहे, हे माहीत असतं. आणि तेरा तासांचा तो आकडा लिहिताना आईची आठवण झाली. घरात सहा माणसं, तीस वर्षं, भांडी आणि दळण धरून. मी आजवर तिला ‘आज काय केलंयस’ एवढंच विचारत आलो होतो.

पहिला सिलिंडर १० मेला संपला. बरोबर ८२ दिवस चालला, म्हणजे दिवसाला दहा रुपयांच्या आतच. मधल्या काळात, ८ एप्रिलला, भाव ५० रुपयांनी वाढला होता, त्यामुळे दुसरा ८५६ ला पडला. एकच टाकी असेल तर संपेपर्यंत थांबू नका. ज्योत पिवळसर आणि बारीक दिसायला लागली की बुक करा. माझे दोन दिवस पुन्हा इंडक्शनवर गेले. १२ मेला टाकी आली. मोबाइलवर आलेला कोड दादांना सांगितला, आणि या वेळी मी न सांगताच त्यांनी काटा काढला.

त्याच आठवड्यात आई आली. पिशव्या ठेवल्या, हातपाय धुतले आणि थेट ओट्यापाशी. शेगडी बघितली, मिसळणाचा डबा उघडून बघितला, कुकरची रिंग ताणून बघितली. मी तिला खाली बसवलं आणि भाकरी थापायला घेतली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, कांदा. तिने भाकरी मोडली, पापुद्रा बोटाने वर उचलून बघितला आणि दोन घास खाल्ले. मग पिठाचा डबा पुढे ओढून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

“हे पंधरा दिवसांचं हाय. उन्हाळ्यात दोन किलोच्या वर दळू नको.”

संध्याकाळी दोन किलो ज्वारी निवडून दिली तिने. मी गिरणीत गेलो तेव्हा पुढे चौघं होते, नंबरला डबा लावून उभा राहिलो.